साध्या काचेचा चष्मा

तेराव्या वर्षी धाकटीने ठरवलं, की आपण आपले डोळे बिघडवायचे.

दुसरं काही बिघडवून उपयोग नव्हता. पोट बिघडवून झालं होतं. आईने गरम पाणी पाजलं आणि शाळेत धाडलं. डोकं दुखवून झालं होतं. आई म्हणाली, "वेणी घट्ट बसलीय," आणि वेणी सैल करून शाळेत धाडलं. शेवटी नाइलाज म्हणून एकदा जेवताना तिने खरं तेच सांगून पाहिलं.

"मला सकाळी कसंतरी होतं."

"कसंतरी म्हणजे कसं?" बाबांनी विचारलं.

"कसंतरीच."

"डावीकडे होतं का उजवीकडे?"

"सगळीकडे."

"सगळीकडे असं काही नसतं," बाबा म्हणाले. "नीट बघ आणि मग सांग." आणि त्यांनी भाजीचं पातेलं पुढे ओढलं.

बाबा काही दुष्ट नव्हते. ते चष्मेवाले होते. त्यांचे वडीलही चष्मेवाले, आणि त्या घरात दोन पिढ्या चष्मा सोडून दुसरा विषय उंबऱ्याच्या आत आला नव्हता. खाली दुकान, वर बिऱ्हाड. दुकानाच्या तोंडाशी आजोबा बसत आणि लोकांच्या सैल झालेल्या दांड्या आवळून देत. आई फ्रेमा दाखवी. समोरचं तोंड लांब असो, गोल असो, की नुसतं रागावलेलं असो, "तुमच्या चेहऱ्याला हीच," असं ती इतक्या मनापासून सांगे, की गिऱ्हाईक आरशात न बघताच होकार देई. मधल्या अंधाऱ्या खोलीत बाबा डोळे तपासत. आणि अगदी मागच्या खोलीत, पाण्याच्या नळाशेजारी, आत्या चाकावर काचा घासत असे. आत्या बाबांहून सहा वर्षांनी मोठी. तिने लग्न केलं नव्हतं, आणि बोलण्याचं कामही बाकीच्यांवर सोपवून टाकलं होतं.

त्या घरात प्रत्येकाला नंबर होता. आजोबांचा मोतीबिंदू काढल्यानंतरचा, बाटलीच्या बुडासारखा. बाबांचा उणे चार. आईचा उणे तीन, पण ती अडीच सांगे. आत्याला जवळचा चष्मा वेगळा आणि लांबचा वेगळा. ताईचा तर सतराव्या वर्षीच उणे साडेपाच; आल्यागेल्याला तो आकडा असा सांगितला जाई, जणू पोरगी परीक्षेत पहिली आली आहे. धाकटी तेवढी कोरी राहिली. आजोबा तिला 'बिननंबरी' म्हणत. लाडानेच म्हणत, पण चिठ्ठीवरचा भरायचा राहून गेलेला रकाना दिसावा, तसे तिच्याकडे बघत.

तिचा उपयोग मात्र होता. चष्म्याचा स्क्रू मोहरीएवढा असतो, आणि तो हातातून निसटला की सगळं कुटुंब चार पायांवर यायचं. गिऱ्हाइकासमोर तीन मोठी माणसं जमीन चाचपत फिरताहेत हे दृश्य बरं दिसत नाही. मग आई जिन्याखालून हाक मारी, "बिननंबरी, ये गं!" ती यायची, दारातूनच बोट दाखवायची, आणि परत वर जायची.

आता तिला काय होत होतं, ते सांगायला हवं, कारण ती स्वतः कुणाला सांगत नव्हती.

शाळा सुरू होऊन तीन आठवडे झाले होते. वर्ग नवा, तुकडी नवी. आदल्या वर्षीची तिची जिवलग मैत्रीण खिडकीकडच्या बाकावर दुसऱ्या तिघींत जाऊन बसली होती, भांडण न करताच, आणि भांडण झालं असतं तर बरं अशी गत होती. चौथ्या आठवड्यात इतिहासाच्या बाईंनी धाकटीला धडा वाचायला उभं केलं. सात ओळी ठीक गेल्या. आठव्या ओळीच्या मध्यावर आवाज बंद पडला. घसा नव्हे, खोकला नव्हे. नळाचं पाणी जातं तसा आवाज गेला. बाई म्हणाल्या, "पुढे." बेचाळीस मुली थांबल्या. मग खिडकीकडून कुणीतरी हसलं, आणि ते हसणं तिच्या ओळखीचं होतं.

त्या दिवसापासून दप्तर भरायला घेतलं, की हात गार पडत. छातीत कुणी जिना चढतंय असं वाजू लागे. आपण आता मरणार, आणि तेही वह्या हातात घेऊन, असं तिला रोज वाटे. रोज ती मरत नसे, पण म्हणून दुसऱ्या दिवशी भीती कमी होई असंही नाही. घास घशाखाली उतरेना. संध्याकाळी सगळं ठीक असे, आणि ठीक असल्यामुळेच तिला वाटे, की हे सगळं आपण उकरून काढतोय.

घरात सांगायचं तर आकडा लागत होता. म्हणून डोळे.

त्या काळी नंबर काढायला आतासारखी यंत्रं नव्हती. भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता, भिंगांची एक पेटी आणि गिऱ्हाइकाचा शब्द, एवढ्यावर धंदा चाले. तो तक्ता धाकटीला चौथ्या वर्षापासून पाठ होता. मुळाक्षरं ती त्यावरच शिकली होती, त्यामुळे पहिलीच्या बाईंना 'अ'च्या आधी 'र' म्हणणारी मुलगी सांभाळावी लागली. शिवाय माणसं कशी चुकतात, हेही तिने जिन्यात बसून वर्षानुवर्षं ऐकलं होतं. मोठ्या ओळी चुकवायच्या नाहीत. चौथ्या ओळीला डोळे बारीक करायचे. पाचव्या ओळीत 'भ'ला 'म' म्हणायचं, 'घ'ला 'ध'. सहावी ओळ आली, की थोडं हसायचं आणि "तिथे काही आहे का?" असं विचारायचं. हे शेवटचं बाबांना फार आवडत असे.

"फळ्यावरचं दिसत नाही," तिने रविवारी जाहीर केलं.

बाबांनी घास ताटात ठेवला. "डावा का उजवा?"

"दोन्ही. पण उजवा जास्त."

बाबांच्या चेहऱ्यावर जे पसरलं त्याला काळजी म्हणणं धाडसाचं होईल. त्यांनी हात धुतले आणि जेवण अर्धं टाकून तिला खाली नेलं. तपासणी अर्धा तास चालली. डोळ्यांवर जड काळी चौकट, तीत एकामागून एक भिंगं. "आता बरं का आता बरं? हे का हे?" धाकटीने सहाव्या ओळीशी हसून विचारलं, "तिथे काही आहे का?" बाबांनी जिन्याकडे तोंड करून हाक मारली, "ऐकलंत का सगळ्यांनी! उणे दीड!"

घरात आनंदीआनंद झाला. आजोबांनी कपाटातला सर्वात वरचा खण उघडला. त्यातल्या फ्रेमा ते विकायच्या म्हणून ठेवत, पण कुणी मागितल्या की संपल्या असं सांगत. आईने धाकटीचं तोंड दोन्ही हातांत धरून इकडून तिकडून पाहिलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा तीन वेगवेगळ्या फ्रेमा लावून बघितल्या. ताईने आपली मखमली पुसणी देऊन टाकली आणि म्हणाली, "चष्म्यावर झोपायचं नाही. पहिल्या महिन्यात सगळे झोपतात." काच घासून होईतो शाळा बंद, असंही ठरलं. तीन दिवस धाकटी दुकानात बसली. जो तो येता-जाता विचारी, "डोळ्यांना ताण नाही ना गं?" आजोबांनी तिला संत्र सोलून दिलं. ती ते खात होती आणि विचार करत होती, की या लोकांना इतकं प्रेम येतं, आणि ते कुठे ठेवलेलं होतं.

चौथ्या दिवशी चष्मा आला आणि ती शाळेत गेली. धडधड होतीच. आता ती अधिक स्पष्ट आणि थोडी लहान दिसत होती, एवढंच. उणे नंबराची काच निरोगी डोळ्यावर ठेवली, की जमीन दूर जाते. धाकटी फाटकातून आत शिरताना जिना उतरावा तसे पाय टाकत होती. दुपारपर्यंत भुवयांच्या वर कुणी चिमटा लावल्यासारखं दुखायला लागलं. हे डोकं आता खरंच दुखत होतं, पण त्याचं श्रेय घेता येत नव्हतं.

दहा दिवस तिने रेटलं. मग बाबांना म्हणाली, "अजून नीट दिसत नाही."

"वाढला असेल," बाबा समाधानाने म्हणाले. "ताईचाही असाच वाढला." पुन्हा काळी चौकट, पुन्हा हे का हे. उणे सव्वादोन. चिठ्ठी मागच्या खोलीत गेली.

मधल्या काळात एक गोष्ट घडली, ती कुणाच्या लक्षात राहण्यासारखी नव्हती. दुकानात आजोबांच्या हातून स्क्रू पडला. आजोबा, आई आणि बाबा रीतीप्रमाणे चार पायांवर आले. धाकटी जिन्यातून उतरत होती. तिने चष्मा कपाळावर सरकवला, पाच पायऱ्या वरून म्हणाली, "आजोबा, तुमच्या डाव्या गुडघ्यामागे," आणि चष्मा परत खाली घेतला. सगळे जमिनीकडे बघत होते. फक्त आत्या, पाणी बदलायला बादली घेऊन दारात आलेली, वर बघत होती. तिने लांबचा चष्मा लावला होता.

दुसरा चष्मा आत्याने दोन दिवसांत दिला. धाकटीने तो लावला, आणि जमीन जागेवर आली. भुवयांवरचा चिमटा सुटला. शाळेत दिवसभर डोकं दुखलं नाही. घरी आल्यावर ती जिन्यात बसली आणि तिने चष्मा काढून वहीच्या रेघेवर धरला. चष्मेवाल्याच्या घरातलं शेंबडं पोरही हे करतं: काच रेघेवर धरून डावीउजवीकडे हलवायची. नंबर असेल तर काचेतली रेघ हलते. नंबर उणे असला तर काचेबरोबर, अधिक असला तर उलटी.

तिने काच हलवली. रेघ हलली नाही.

दुसरी काच हलवली. तीही रेघ आपली शहाण्यासारखी बसून.

खिडकीला लावतात तशी साधी काच होती ती. धाकटीच्या कानांच्या पाळ्या तापल्या. आत्याला कळलं होतं. आता आत्या बाबांना सांगेल, बाबा तक्त्याकडे बघतील, आजोबा फ्रेम परत मागतील, आणि उद्यापासून आपल्याकडे काहीच उरणार नाही. ना नंबर, ना संत्र. मग ती उठली आणि मागच्या खोलीत गेली, कारण सांगितलं गेलंय का नाही हे न कळता वर जाऊन जेवणं शक्य नव्हतं.

आत्या पोस्टमास्तरांची उजवी काच घासत होती. चाक घरघरत होतं, वरून पाण्याची धार पडत होती. आत्याने मान वळवली नाही.

"साधी काच आहे," धाकटी म्हणाली.

"हो."

"बाबांना सांगितलंस?"

"नाही."

"का?"

"तुझं आहे. तू सांग." आत्याने काच उचलून उजेडात धरली, पुन्हा चाकाला लावली. "आणि नंबर सव्वादोन सांगायचा, तर जिन्यातून स्क्रू दाखवायचा नाही. एकतर हे कर नाहीतर ते."

धाकटीला हसू आलं आणि त्यात रडूही येऊन मिसळलं. ती पाण्याच्या डब्यावर बसली. आत्याची पाठ तिच्याकडे होती. चाकाचा आवाज एवढा, की बोलायचं तर ओरडूनच बोलावं लागे; आणि जे हळू आवाजात सहा आठवडे बाहेर पडलं नव्हतं, ते ओरडून सांगायला सोपं गेलं.

"मला शाळेत जाताना वाटतं मी मरणार!"

"बरं!" आत्या ओरडली.

"रोज वाटतं!"

"किती वाजता?"

"दप्तर भरताना! माझा आवाज गेला होता वाचताना, सगळ्या हसल्या! ती पण हसली!"

"कोण ती?"

"होती एक!"

पोस्टमास्तरांची काच एव्हाना हवी त्या मापाची झाली होती. आत्याने चाक थांबवलं. खोली एकदम शांत झाली आणि धाकटीचं तोंड मिटलं. नळाचं पाणी थेंबथेंब पडताना ऐकू येऊ लागलं. आत्याने हातातल्या काचेकडे पाहिलं. तेहतीस वर्षांत तिने एक काच वाया घालवली नव्हती. हे आजोबा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. तिने चाक पुन्हा चालू केलं आणि ती तयार काच परत त्याला लावली.

"हं! मग!" ती ओरडली.

मग धाकटीने सगळं सांगितलं. घास उतरत नाही ते. हात गार पडतात ते. संध्याकाळी ठीक वाटतं म्हणून आपलंच आपल्याला खोटं वाटतं ते. शेवटी, चाकापेक्षाही मोठ्याने, "मला वेड लागतंय का?" असं विचारलं. काच हळूहळू लहान होत गेली. पोस्टमास्तरांची होती ती आधी लहान मुलीच्या मापाची झाली, मग बाहुलीच्या.

"ते मला माहीत नाही," आत्या म्हणाली. "मी चौदाची असताना मलाही असंच काहीतरी झालं होतं. मी या खोलीत येऊन बसले. इथे आवाज असतो, कुणी काही विचारत नाही. सगळे म्हणाले, पोर किती कामसू." तिने धार थोडी कमी केली. "ती मी अजून बसलेय."

धाकटीने खोलीकडे पाहिलं. एक चाक, एक नळ, एक स्टूल. खरं सांगायचं तर गेल्या आठवड्यात तिनेही मनात हाच हिशेब केला होता, की आत्यासारखं इथे बसता आलं तर शाळा सुटेल.

"तुला बसायचं असेल तर माझी ना नाही," आत्या म्हणाली. "पण खोली लहान आहे."

चाक थांबलं. चिमट्यात उरली होती ती शर्टाच्या गुंडीएवढी काच. आत्याने हात पुसले, धाकटीचा हात धरला, "सांगायचं?" असं विचारलं, आणि धाकटीची मान हलेपर्यंत थांबली. मग ती दुकानात गेली. दुकान उघडं असताना आत्या पुढे आली, हे पाहून आजोबा उभेच राहिले. त्यांना वाटलं आग लागली.

आत्याने गुंडी त्यांच्यासमोर ठेवली.

"हे काय?"

"पोस्टमास्तरांचा उजवा डोळा."

"ते पाच वाजता येणार आहेत!"

"येऊ देत. हिच्या डोळ्यांना काही झालेलं नाही. दुसरं झालंय. ऐकून घ्या."

धाकटीने तुटक तुटक सांगितलं, त्यात नंबर खोटा होता हेही सांगितलं. बाबांनी आपला चष्मा काढला, पुसला, परत लावला. "एकवीस वर्षं डोळे तपासतोय," ते म्हणाले. "एका गिऱ्हाइकाने फसवलं नाही मला."

"ही गिऱ्हाईक नव्हती," आजोबा म्हणाले.

फ्रेमांच्या खणापुढे उभी राहून आई सरळ लावलेल्या फ्रेमा पुन्हा सरळ लावू लागली, आणि दुसऱ्या रांगेशी तिला रडू फुटलं. "वेणी घट्ट बसलीय म्हणाले गं मी," ती म्हणाली. "वेणी!"

बाबांनी धाकटीला मधल्या खोलीत नेऊन तपासणीच्या खुर्चीवर बसवलं. स्वतः भिंगांच्या पेटीवर हात ठेवून उभे राहिले.

"रागवणार आहात?"

"नाही. मला दुसरं काही येत नाही, म्हणून इथे बसवलं." ते घसा खाकरले. "सकाळी उठल्यावर जास्त, का दप्तर भरताना जास्त?"

धाकटीने विचार केला. "दप्तर भरताना."

"दप्तर भरताना, का फाटकाशी?"

"फाटकाशी."

"फाटकाशी, का वर्गात?"

"सारखंच."

"सारखं असलं तरी चालतं. घाई नाही. वर्गात सगळ्या तासांना, का एखाद्या तासाला?"

धाकटी तक्त्याकडे बघत राहिली. बाबांची एक खुबी होती: गिऱ्हाईक अडलं, की ते कधी पुढे ढकलत नसत. डोळा दमलेला असतो, म्हणत, आणि गप्प उभे राहत. तसे ते उभे राहिले. बाहेर दोन गिऱ्हाइकं आली आणि गेली. पाच वाजता पोस्टमास्तर आले. त्यांना आईने काय सांगितलं देव जाणे, पण ते जुनाच चष्मा लावून, "सावकाश होऊ द्या," म्हणत गेले. पाऊण तासाने बाबांनी नंबर लिहायचं कार्ड घेतलं. त्यावर उजवा डोळा आणि डावा डोळा असे दोनच रकाने छापलेले. ते थोडा वेळ त्यांच्याकडे बघत राहिले, मग कार्ड उलटं करून कोऱ्या बाजूला लिहिलं: 'बरंच आहे. एकटीला पेलणारं नाही.'

"हे आपल्याकडचं काम नाही," त्यांनी बाहेर येऊन सांगितलं. "मोतीबिंदू आपण कापतो का? मोठ्या दवाखान्यात पाठवतो. तिथे दर गुरुवारी मनाचे डॉक्टर येतात."

"वेड्यांचे," आजोबा म्हणाले. "लोक काय म्हणतील? अख्ख्या पेठेला आपण चष्मे दिलेत. सगळ्यांना दिसेल."

"मला पाठवलं असतं तर मी गेले असते," आत्या म्हणाली.

आजोबा तिच्याकडे बघत राहिले. बाटलीच्या बुडामागे डोळे केवढे मोठे दिसत होते. मग ते आपला कोट कुठे आहे ते बघायला वर गेले, आणि तो गुरुवार नव्हता हे त्यांना जिन्यात सांगावं लागलं.

मधल्या दिवसांत आई शाळेत जाऊन आली. इतिहासाच्या बाईंना तिने काय विकलं ते तिने सांगितलं नाही, पण काही दिवस धाकटीला उभं राहून वाचायला लावायचं नाही, असं ठरवून आली. सकाळी फाटकापर्यंत ताई बरोबर जाऊ लागली. ताई वाटभर एक शब्द बोलत नसे. फाटकाशी मात्र, "मी इथेच आहे दहा मिनिटं," असं म्हणे आणि घड्याळ लावून बरोबर दहा मिनिटं थांबे.

गुरुवारी दुकानाचं दार ओढून घेऊन सगळे सहा जण मोठ्या दवाखान्यात गेले. बाहेरच्या बाकांवर अकरा माणसं बसली होती. आजोबांनी आत शिरताना टोपी पुढे ओढली होती. बाकांवरच्या लोकांनीही माना खाली घातल्या. थोड्या वेळाने आजोबांनी टोपीखालून एक नजर टाकली, मग दुसरी. अकरांपैकी सात जणांच्या नाकांवर त्यांच्याच दुकानातल्या फ्रेमा होत्या.

शेवटी आजोबांनी खिशातून बारका पेचकस काढला आणि शेजारच्या बाईंना म्हणाले, "आणा इकडे. ती दांडी किती दिवस लोंबतेय?" बाईंनी चष्मा काढून दिला. मग पलीकडचे गृहस्थही सरकत आले.

"पेशंट कोण?" दार उघडून डॉक्टरीणबाईंनी विचारलं. सहाही जण एकमेकांकडे बघायला लागले.

"सध्या ही," आजोबा म्हणाले. आत्याकडे त्यांनी एकदा पाहिलं. "पुढचं पुढे."

धाकटी एकटीच आत गेली. खोलीत टेबल, दोन खुर्च्या आणि बंद पडलेलं भिंतीवरचं घड्याळ होतं. डॉक्टरीणबाईंनी काही विचारायच्या आधी बराच वेळ पेन शोधलं. दाराबाहेर कुजबुज चालू होती. उभं राहावं का बसावं यावरून घरच्यांचं वाजलं होतं. आई म्हणत होती, "बसा हो, तिला वाटेल आपण ऐकतोय," आणि बाबा म्हणत होते, "मग वाटू दे ना."

"तुझेच का?" बाईंनी विचारलं.

"हो."

"सगळे?"

"सगळे आलेत," धाकटी म्हणाली, आणि बोलायला तोंड उघडलं तर आवाज जागेवर होता.

अर्ध्या तासाने ती बाहेर आली. सगळे एकदम उठले. कुणी काही विचारायचं नाही, असं त्यांचं आपसात ठरलं असावं, कारण विचारायचं नाही म्हणून सगळ्यांचे चेहरे फुगले होते. परतीची वाट आईने तोंड मिटून काढली, हा तिच्या आयुष्यातला पराक्रमच. बाबा दोनदा "काय..." म्हणाले आणि दोन्हीदा पुढे "...ऊन आहे," असं जोडलं.

दुकानाच्या पायरीवर एक गृहस्थ दोन तुकडे झालेला चष्मा हातात घेऊन उभे होते. आजोबा दार उघडायला वाकले, आणि त्याच वेळी धाकटीने सुरुवात केली. "त्या म्हणाल्या, की असं पुष्कळ मुलींना होतं. आणि वेड नाही. आणि बरं व्हायला वेळ लागेल, दर गुरुवारी यावं लागेल. आणि सकाळी काय करायचं ते पण शिकवणारेत." आजोबांच्या हातात किल्ली तशीच राहिली. आई पायरीवरच बसली. आत्या धाकटीच्या शेजारी भिंतीला टेकून उभी राहिली. तिला इतक्या उन्हात उभी पाहिल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

"मला जरा घाई होती," गृहस्थ चाचपत म्हणाले. "काहीच दिसत नाहीये हो."

"घरचं बोलणं चाललंय," आजोबा म्हणाले. "थोडा वेळ दिसत नाही, तसं ऐकूही नका. हं, बाळ, सकाळी काय करायचं म्हणाल्या?"

गृहस्थांनी समजूतदारपणे तोंड रस्त्याकडे फिरवलं. धाकटी सांगत होती. मध्येच तिला काही आठवेना, तेव्हा ती थांबली, आणि पायरीवरचे सगळे थांबले.